अर्ध्या मिठाची मासळी

तवसाळला दहाची फेरीबोट चुकली
की डब्यातल्या बर्फाला माझ्याआधी घाम फुटतो.
निळा डबा, आत तीन नळ्या, नळीवर पट्टी, पट्टीवर नाव.
फॉर्मवर थुंकी लिहितात. वाडीत बेडका म्हणतात,
आणि म्हणताना तोंड फिरवतात.
मी तो मांडीवर घेऊन बसतो.
शेजारचा विचारतो, "आइस्क्रीम का?"
"औषध," मी म्हणतो.
खोटं नाही. खरंही नाही.

सात वर्षं हेच. खेपेमागे पेट्रोलचे पैसे,
ते येतात शिमग्याला,
कधी पुढच्या शिमग्याला.

पहिली नळी द्वारका पालशेतकर, वय चोपन्न, वेलदूर.
लिलावात तिचा आवाज खाडीपलीकडे दाभोळला ऐकू जायचा,
असं दाभोळचेच सांगतात.
पहिल्या वेळी सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या.
तिसऱ्या महिन्यात केंद्राचं कपाट रिकामं.
"सोमवारी ये."
तीन सोमवार गेली.
चौथ्या सोमवारी सुरमई लागली,
खोकलाही थांबला होता,
मग कोण जातं?

दुसऱ्या वेळी इंजेक्शनं,
आठ महिने, रविवार सोडून रोज.
जंतू हटले नाहीत, कान गेले.
आता भाव ती ओठांवरून वाचते
आणि समुद्र नुसता हलताना बघते.
"मुका झाला गो," म्हणाली एकदा सुनेला.
स्वतःला बहिरी म्हणाली नाही.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तक्ता काढला,
जंतू, औषध, लाल बाण.
सून हातवारे करून सांगू लागली
तर बाईने हात आडवा केला.
"कळला. अर्ध्या मिठाची मासळी.
बिनमिठाची सकाळीच सांगते, मी सडले.
पुऱ्या मिठाची वरीसभर गप पडून राहते.
अर्ध्या मिठाची वरून चांगली दिसते,
आत किडा मीठ खायला शिकतो.
मग ओत त्याच्यावर अख्खा मिठागर,
तो पोहतो."
डॉक्टरांनी तक्ता गुंडाळला.
मग ती हळूच म्हणाली
(तिला वाटलं हळूच, अख्ख्या ओपीडीने ऐकलं),
"पण मीठ कमी घातलं कुणी?"

आता तिसरी खेप, नव्या गोळ्या.
त्यांनी कातडी तव्यासारखी काळी पडते.
सोडे वाळवणाऱ्या बायका उन्हाला दोष देतात
आणि आपली चटई दोन हात सरकवतात.
गोळ्या ती मासळीसारख्या मोजते, लाभ, दोन, तीन.
पहिल्याला एक म्हणायचं नाही,
धंद्यातली बाई.
चौदापर्यंत जाते, पाणी पिते,
ओकारी आली तर दाराच्या चौकटीला धरून उभी राहते.
एकदा पाकिटात नऊच निघाल्या.
तिने मला पाकीट उलटं करून दाखवलं,
काही बोलली नाही.

दुसरी नळी सुनेची. वय तेवीस.

तिसरी हिकमत बहादूर, वय अंदाजे वीस,
पत्ता: बोट.
रिपोर्ट येईपर्यंत बोट मालवणला असेल,
नाहीतर गोव्याला, आणि तो तिच्या पोटात,
सहा जणांच्या श्वासांत निजलेला.

रत्नागिरीला मशीनपाशी मुलगी म्हणाली,
"कार्ट्रिज संपल्यात. सोमवारी या."
आज गुरुवार.

डबा हॅन्डलला अडकवून मिरकरवाड्याच्या जेटीवर गेलो.
एका बाईने घमेलंभर बर्फ ओतून दिला,
पैसे घेतले नाहीत.
"कंची मासळी?"
"वेलदूरची."
"ताजी हाय?"
मी झाकण अर्धंच उघडलं होतं,
बोटं बधिर, बर्फ कडेने दाबत होतो.
लाभ.
दोन.
तिसऱ्या नळीवरची पट्टी भिजली होती,
शाई उतरून नुसतं निळं पाणी.
वय तेवढं वाचता येत होतं.